फ्लॉपीत अडकलेले नाव

गेल्या वर्षावासात शिरपूर तालुक्यातील एक ताई आमच्या कार्यालयात आल्या. कार्यालय म्हणजे तरी काय, जळगावातली एक खोली, दोन लोखंडी कपाटे आणि एक संगणक. "जयभीम भाऊ" म्हणून बसल्या, पाणी प्याल्या आणि कामाचे बोलल्या. त्यांच्या गावात नवे विहार उभे राहात आहे. जुने विहार १९९८ साली वस्तीने वर्गणी करून बांधले होते. त्या वेळी ज्यांनी दान दिले त्यांची नावे नव्या विहारात दगडावर कोरायची, असे कमिटीने ठरविले. यादी झाली, पण ताईंच्या वडिलांचे नाव तीत नाही. पावतीपुस्तक हरवलेले. वडील वारून बारा वर्षे झाली. कमिटीची मंडळी म्हणतात, पुरावा आणा, नाव घालू. त्यात त्यांचीही काही चूक नाही.

"भाऊ, मना बापनं नाव तुमना पेपरमा छापेल व्हतं. तो अंक माले जोयजे," ताई म्हणाल्या.

आम्हाला वाटले, पाच मिनिटांचे काम. कपाटातून १९९८ ची बांधीव फाइल काढली, तर वाळवीने तिची चाळण केलेली. जुलैचे अंक तर हातात घेताच भुगा झाले. मग आठवले की, १९९६ पासून आपला अंक संगणकावर जुळत होता, म्हणजे तो फ्लॉपीत असणार. कपाटावर मिठाईच्या डब्यात चौदा फ्लॉप्या सापडल्या. एकीवर पेनाने लिहिले होते, ‘जुलै ९८, विहार यादी’. आम्ही ताईंना म्हटले, "काळजी करू नका, चार दिवसांनी या." त्या चार दिवसांचे पाच आठवडे झाले. ते कसे झाले हे वाचकांना सांगितले पाहिजे, कारण हा घोळ केवळ आमच्या खोलीतला नाही.

आजच्या मुलामुलींनी फ्लॉपी पाहिलेली नसेल. तळहातावर मावणारी साडेतीन इंचांची प्लास्टिकची चौकोनी डबी, आत पातळ चकती. तिच्यात १.४४ मेगाबाइट मजकूर राहातो. आजच्या मोबाइलचा एक फोटोही तिच्यात बहुधा मावणार नाही, पण आमचा अख्खा अंक मावत असे. नव्या संगणकाला ती घालायची फटच नसते. जपानच्या सोनी कंपनीनेही २०११ साली साडेतीन इंची फ्लॉपी विकणे बंद केले. आम्ही जळगावातली दुकाने फिरलो. एका दुकानदाराने हसून हात जोडले. शेवटी आमच्या नातवाने मोबाइलवरून बाहेरून जोडायचे एक यंत्र मागविले. ते आले, डब्यावर छापलेले, ‘चीनमध्ये तयार’. चौदांपैकी नऊ फ्लॉप्यांना बुरशी लागली होती, त्या वाचल्याच गेल्या नाहीत. ‘जुलै ९८’ मात्र वाचली गेली. तिचे नशीब!

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्या घरातला मोबाइल, टीव्ही, पोराचा लॅपटॉप यांच्या आतली चिप कुठली? बहुतेक तैवान, कोरिया, चीनकडची. आपल्याकडे जोडणी होते, आणि ती आता पुष्कळ होते हेही खरे, पण काळीज बाहेरून येते. असे नव्हते की, आपण प्रयत्नच केला नाही. चंदीगडजवळ मोहालीला सरकारी सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने १९८४ साली चिप बनवायला सुरुवात केली होती. फेब्रुवारी १९८९ मध्ये तेथे आग लागली, आणि आपण मागे पडलो ते पडलोच. पुण्याजवळ तळेगावला वेदांत-फॉक्सकॉनचा चिपचा कारखाना येणार असे ऐकून खानदेशातल्या आयटीआय झालेल्या पोरांनीही कान टवकारले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये तो गुजरातला गेला, आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्यातून अंगच काढून घेतले. कोण जिंकले यावर पुढारी भांडत बसले. २०२१ साली जगभर चिपांची टंचाई झाली तेव्हा महिंद्रसारख्या मोठ्या कंपनीलाही सप्टेंबरमध्ये काही दिवस गाड्या बनविणे थांबवावे लागले. तैवानात चिप अडते आणि कारखाना इथला थांबतो. कायम कामगाराचे कसेबसे निभते. कंत्राटी पोराला मात्र काम नाही तर पगार नाही.

असो. फ्लॉपी वाचली गेली, फाइल उघडली, आणि पडद्यावर काय, तर इंग्रजी अक्षरे, टिंबे, कंस आणि डॉलरची चिन्हे यांची खिचडी! एक शब्द लागेल तर शपथ.

याचे कारण समजून घ्यायला आम्हाला दोन दिवस लागले. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला नंबर कळतो. जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच नंबरांवर मराठी अक्षरांची चित्रे बसविलेली असत. कोणत्या नंबरावर ‘क’ आणि कोणत्यावर ‘ज्ञ’, हे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवी. गिरणीतल्या बिल्ल्यासारखे समजा. खानदेश मिल आणि अमळनेरची प्रताप मिल चालू होत्या तेव्हा १०५ नंबरचा बिल्ला दोन्हीकडे होता, पण माणूस वेगळा. एका गिरणीचे हजेरीपुस्तक दुसऱ्या गिरणीत नेले तर भलत्याचाच पगार निघणार. आमची फाइल एका कंपनीच्या बिल्ल्यांची, आणि आजच्या संगणकाकडे ते हजेरीपुस्तकच नाही.

आणि येथे दोष परदेशावर ढकलता येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. ही फॉन्टची सॉफ्टवेअरे आपल्याच लोकांनी केलेली. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही सरकारी संस्था निघाली, तिने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम केले. सर्व भारतीय लिप्यांसाठी नंबरांचे एकच कोष्टक असावे म्हणून ‘इस्की’ नावाचे मानक झाले, १९९१ साली त्याला भारतीय मानक संस्थेचा शिक्का मिळाला. म्हणजे सर्वांचे बिल्ले एक करण्याची सोय घरातच होती. पण छापखान्यांना जे फॉन्ट विकले गेले ते आपापल्या वेगळ्या नंबरांचे. गिऱ्हाईक बांधून ठेवायचे, दुसरे काय! पुढे अमेरिकेत सगळ्या जगाच्या लिप्यांसाठी युनिकोड आले. त्यातली देवनागरीची मांडणी आपल्या इस्कीवरूनच घेतलेली आहे. घरच्या विहिरीचे पाणी आपण शेजारच्या गावाहून प्यायलो.

खिळ्यांचे दिवस वाईट होते, त्याचे कौतुक करीत नाही. आमच्या जुळाऱ्यांची बोटे शिशाने काळी पडत, डोळे जात. पण खिळा एकदा कागदावर उमटला की, तो वाचायला कोणाची परवानगी लागत नसे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला, ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’. शासनाच्या समितीने १९९० साली हे अंक पुन्हा छापले ते जुने छापील कागद हाती होते म्हणून. शंभर वर्षांपूर्वीचा मजकूर आज शाळेतले पोर वाचते, आणि १९९८ चा आमचा अंक आम्हालाच वाचता येईना! बाबासाहेबांनी पत्राबरोबर स्वतःचा छापखानाही उभा केला, त्याचा अर्थ आम्हाला त्या दिवशी जरा अधिक कळला.

फाइल उघडायची तर तेच जुने सॉफ्टवेअर हवे. त्याची सीडी आमच्याकडे होती. पण ते सॉफ्टवेअर चोरून वापरू नये म्हणून कंपनीने एक ‘लॉक’ दिले होते, काडेपेटीएवढा ठोकळा, प्रिंटरच्या पंचवीस टाचण्यांच्या खोबणीत लावायचा. तो लावल्याशिवाय अक्षर दिसत नाही. लॉकही टेबलाच्या खणात सापडले. पण नव्या संगणकाला ती खोबणी नाही. कंपनीला फोन केला. तिकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, ते व्हर्जन बंद झालं. नवीन घ्या." नव्याने जुन्या फायली उघडतील का, असे विचारले तर म्हणाली, "त्याची खात्री देता येणार नाही."

मग कोणीतरी धुळ्याच्या एका आप्पांचे नाव सांगितले. लग्नपत्रिका छापतात. आम्ही एरंडोल, पारोळा करीत एसटीने धुळे गाठले, खिशात फ्लॉपी आणि लॉक. आप्पांच्या दुकानाच्या कोपऱ्यात पिवळा पडलेला जुना संगणक, वर फडके झाकलेले. त्याला इंटरनेट नाही, त्यावर दुसरे काही करायचे नाही. "भाऊ, वीस वर्षांच्या पत्रिकांचे नमुने याच्यात आहेत," आप्पा म्हणाले. "नवीन मशीन पोरगा वापरतो. पण ते रात्री आपोआप अपडेट होतं, आन् सकाळी प्रिंटर ओळखत नाही. हे बिचारं कधीच बदलत नाही." सुट्या भागांसाठी त्यांनी भंगारातून असेच आणखी दोन संगणक आणून पोटमाळ्यावर ठेवले आहेत. त्यांचे सॉफ्टवेअर आमच्याच कंपनीचे निघाले. लॉक लावले. यंत्र बराच वेळ घरघरले, आणि पडद्यावर आमचाच १९९८ चा मथळा आला.

चौथ्या पानावर यादी होती. तिसऱ्या रकान्यात ताईंच्या वडिलांचे पूर्ण नाव, पुढे रु. ५१/-. माणूस सालदार होता. आप्पांनी ते पान दोन वेळा छापून दिले आणि पैसे घेतले नाहीत.

ताई पुढच्या रविवारी आल्या. कागदावरून त्यांनी बोट फिरविले, नावापाशी थांबल्या. मग घडी न करता तो वहीत घातला आणि वही पिशवीत. चहा घ्या म्हटले तर म्हणाल्या, कमिटीची बैठक संध्याकाळी आहे, गाडी चुकेल.

आता आम्ही वाचलेल्या पाच फ्लॉप्यांतला मजकूर युनिकोडमध्ये आणतो आहोत, म्हणजे पुन्हा ही पाळी येऊ नये. तेही सरळ नाही. अक्षरे बदलून देणारे सॉफ्टवेअर मिळते, पण ते ‘दऱ्या’चे ‘दर्या’ करते, रफार भलत्या अक्षरावर टाकते. नावांच्या यादीत हे चालत नाही, म्हणून ओळ न् ओळ डोळ्यांनी तपासतो. आणखी एक गंमत सांगतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडच्या कोष्टकात २००८ साली आले. त्याआधी लोक ‘अ’वर अर्धचंद्र जोडून काम भागवीत, काही अजूनही भागवितात. दोन्ही दिसायला सारखे, यंत्राला मात्र वेगवेगळे. म्हणून आपल्या जुन्या मजकुरात कोणी ‘ॲट्रॉसिटी’ शब्द शोधला, तर निम्म्या बातम्या सापडतच नाहीत. अत्याचाराची बातमी छापून आली होती, पण यंत्र म्हणते, अशी बातमी नाही! वकिलांनी आणि संशोधन करणाऱ्या मुलांनी दोन्ही प्रकारे शोधावे.

मोबाइलवाल्यांनीही फार निर्धास्त राहू नये. ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रेला जातो, पोरे शेकडो फोटो काढतात. फोन पडला, फुटला, बदलला की ते कुठे जातात ते आपापल्या घरी विचारून पाहा. वर्षातले दहा फोटो स्टुडिओत नेऊन कागदावर काढले तर फार खर्च नाही. मागे तारीख आणि नावे लिहावीत, पेन्सिलने.

आमच्या नऊ फ्लॉप्या गेल्या त्या गेल्या. म्हणून वाचकांना विनंती आहे. १९९६ ते २००१ या काळातले आपले अंक कोणाच्या पेटीत, फडताळात, डब्याखाली अंथरलेले असतील तर कळवावे. अंक देऊन टाकायची गरज नाही, आम्ही येऊन फोटो काढून घेऊ किंवा नेऊन पंधरा दिवसांत परत आणून देऊ. फाटका असला तरी चालेल. १९९९ चा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा अंक तर आमच्याकडे अजिबात नाही, आणि त्यात चाळीसगाव, साक्री, भुसावळ या भागांतल्या श्रामणेर शिबिरांच्या याद्या आहेत.