एका पानासाठी सारे भांडार

डिसेंबर २०१४मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली भारतात ३२ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश निघाला, आणि त्या यादीत गिटहब, म्हणजे जगभरचे प्रोग्रामर आपला सोर्स कोड जेथे साठवतात व एकमेकांना उपलब्ध करून देतात ते भांडारही, आले. या सरसकटपणाचे मूळ तंत्रातच आहे: ‘एचटीटीपीएस’ या कूटबद्ध संदेशवहनात इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला सर्वसाधारणपणे संकेतस्थळाचे नाव तेवढे कळते, विशिष्ट पान कळत नाही, त्यामुळे एका पानासाठी सारे स्थळच अडवले जाते. गिटहबवरील बंदी लवकरच उठली. परंतु अशा आदेशांबाबत गोपनीयता बंधनकारक करणारा २००९च्या नियमांतील नियम १६ सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५च्या निकालानंतरही टिकला, आणि ज्याचे काम अडते त्यालाच कारण कळू नये, ही व्यवस्था निखालस अन्यायाची आहे.