उपासनेस जातांना वेश कसा असावा?

मनुष्याचा वेश ही त्याची पहिली ओळख, असें जग मानतें. ‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण आपल्याकडे कोणास शिकवावी लागत नाहीं. बाजारांत, कचेरींत आणि लग्नमंडपांत तिचा अनुभव प्रत्येकास येतोच. परंतु देवाच्या घरींही ही म्हण चालावी काय, हा प्रश्न निराळा आहे. रविवारच्या उपासनेस, आणि विशेषतः नाताळाच्या दिवशीं, उंची पोशाख करून जावें कीं साध्या वेशांत जावें, याविषयीं ख्रिस्ती घरांतून वडील मंडळी व तरुण मुलें यांचा नेहमींच मतभेद होतो. वडिलांस मुलाचा विटका टी-शर्ट खपत नाहीं. मुलास वडिलांचा आग्रह म्हणजे केवळ देखाव्याचा सोस वाटतो. आपल्या शाळेंत नाना धर्मांचीं मुलें एकत्र शिकतात, आणि हा प्रश्न ख्रिस्ती नसलेल्या घरांतही अनोळखी नाहीं. जानेवारी २०२५ मध्यें मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिराच्या न्यासानें दर्शनास येणाऱ्यांच्या पोशाखाविषयीं नियम जाहीर केले, तेव्हां त्याची चर्चा घरोघरीं झालीच. म्हणून या विषयाचा थोडा विचार करणें सर्वांसच उपयोगी पडेल, अशा आशेनें हे चार शब्द लिहीत आहें.

प्रथम तरुणांचा पक्ष ऐकूं या. ते म्हणतात, “देव अंतःकरण पाहतो, कपडे पाहत नाहीं.” हें म्हणणें पोकळ नव्हे, त्यास शास्त्राचा आधार आहे. शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरीं राजा निवडावयास गेला, तेव्हां थोरल्या मुलाचें रूप व उंची पाहून तो क्षणभर भुलला. परंतु निवड झाली ती मेंढरें राखणाऱ्या धाकट्या दाविदाची. मनुष्याची दृष्टि बाह्य रूपावर खिळते, देवाची दृष्टि आंत पोंचते, हाच त्या कथेचा बोध आहे. तेव्हां भरजरी वस्त्रांमुळें प्रार्थना लवकर ऐकली जाते, असें कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं.

तथापि या पक्षाच्या मित्रांस एक प्रश्न विचारावासा वाटतो. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीस जातांना तुम्ही आदल्या रात्रीं सदऱ्यास इस्त्री करतां कीं नाहीं? बक्षीससमारंभाच्या दिवशीं बुटांस पॉलिश होतें कीं नाहीं? परीक्षक तुमची बुद्धि पाहणार, बूट पाहणार नाहीं, हें तेथेंही खरेंच असतें; तरीही आपण नीटनेटके जातों, कारण ज्याच्यापुढें जावयाचें त्याच्याविषयीं मनांत आदर असतो, आणि मनांतला आदर शरीरांतून प्रकट झाल्यावांचून राहत नाहीं. जळत्या झुडपापुढें मोशेस पायांतील जोडे काढावयास सांगितलें गेलें, तें जोड्यांत कांहीं पाप होतें म्हणून नव्हे. आपण कोठें उभे आहोंत याचें भान पायांनाही असावें म्हणून. आपल्या देशाची रीतही हीच आहे. रोमच्या धर्मपीठानें २५ एप्रिल १९६९ रोजीं भारतांतील कॅथलिक उपासनेसाठीं बारा गोष्टींस संमति दिली, त्यांत पादत्राणें बाहेर काढणें, जमिनीवर मांडी घालून बसणें आणि हात जोडून नमस्कार करणें यांचा समावेश होता. देव अंतःकरण पाहतो हें खरें. परंतु अंतःकरण हें शरीराला सोडून एकटेंच देवळांत जात नाहीं.

आतां वडील मंडळींच्या पक्षाकडे वळूं. त्यांच्या आग्रहास तरुण मुलें सहज हंसतात. पण त्या आग्रहाच्या मुळाशीं काय आहे, हें त्यांनीं जाणून घेतलें पाहिजे. महाराष्ट्रांतील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज गांवकुसाबाहेर राहणाऱ्या समाजांतून आले. त्यांनीं काय ल्यावें, काय नेसावें, हेंही दुसरेच ठरवीत असत. दक्षिणेकडे त्रावणकोर संस्थानांत शाणार जातीच्या स्त्रियांस अंगाचा वरचा भाग झांकण्याचीही मोकळीक नव्हती. त्यांच्यापैकीं ख्रिस्ती झालेल्या स्त्रिया अंगभर वस्त्र घेऊं लागल्या, तेव्हां त्यांच्यावर हल्ले झाले. आणि अनेक वर्षांच्या झगड्यानंतर १८५९ सालीं तेथील महाराजांना जाहीरनामा काढून ती मोकळीक द्यावी लागली. आपल्या महाराष्ट्रांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं, ज्यांचें नांव ७ नोव्हेंबर १९०० रोजीं आपल्याच जिल्ह्याच्या सातारा शहरांतील शाळेंत दाखल झालें त्यांनीं, डिसेंबर १९२७ मध्यें महाडास जमलेल्या स्त्रियांस असा उपदेश केला कीं, अस्पृश्यतेची ओळख पटविणारी लुगडें नेसण्याची पद्धत व अंगावरील जड दागिने टाकून द्या आणि स्वच्छ राहा. त्या स्त्रियांनीं लगेच नेसण्याची रीत बदलली. वस्त्र ही क्षुल्लक वस्तु असती, तर तें मिळूं नये म्हणून कोणी मारावयास कां उठलें असतें? आणि इतक्या मोठ्या पुढाऱ्यानें त्याविषयीं भर सभेंत कां बोलावें?

म्हणून ज्या आजीनें ट्रंकेच्या तळाशीं एकच चांगलें लुगडें घडी घालून ठेविलें, आणि तें केवळ रविवारीं बाहेर काढलें, तिचें तें करणें देखावा नव्हतें. आठवड्याचे सहा दिवस जग तिला हलकें लेखीत असे. सातव्या दिवशीं ती ज्याच्या दारीं जात असे, तेथें तिला माणूस म्हणून मान होता. तें लुगडें हें त्या मानाचें चिन्ह होतें. आज कपाट कपड्यांनीं भरलेलें असतांना “मी कसाही जाईन” असें म्हणणें सोपें आहे. ज्यांना कसेंही जाणें भाग होतें, त्यांना नीट जाण्याची किंमत ठाऊक होती.

येथपर्यंत वडील मंडळी प्रसन्न झाली असतील. परंतु आतां त्यांच्याशींही दोन शब्द बोलणें प्राप्त आहे. जें वस्त्र एका पिढीस मान देऊन गेलें, तेंच वस्त्र पुढच्या पिढींत दुसऱ्याचा मान हिरावून घेऊं शकतें. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत एक प्रसंग वर्णिला आहे. सभेंत सोन्याची अंगठी घातलेला, झगझगीत पोशाखाचा एक मनुष्य येतो, आणि त्याच वेळीं मळक्या कपड्यांतला एक गरीबही येतो. पहिल्यास मानाची जागा मिळते. दुसऱ्यास उभें राहावयास किंवा खालीं पायांशीं बसावयास सांगतात. असा भेद करणारे लोक दुष्ट बुद्धीचे न्यायाधीश ठरतात, असा त्या पत्राचा कठोर निर्णय आहे. जॉन वेस्ली (१७०३–१७९१) या इंग्रज उपदेशकानें तर पोशाखावर स्वतंत्र प्रवचन लिहून असें बजावलें कीं, भारी वस्त्रांवर जो पैसा आपण उधळतों, तो उघड्यानागड्यांच्या तोंडचा व अंगावरचा काढून घेतलेला असतो.

हा प्रसंग दूर देशींचा किंवा जुन्या काळचाच आहे असें कोणी समजूं नये. आपलें मलकापूर पुणें–बंगळूर महामार्गावर वसलेलें आहे. दिवाळी सरली कीं या रस्त्यावरून उसानें लादलेल्या गाड्या व ट्रॅक्टर जाऊं लागतात. रेठऱ्याचा कृष्णा कारखाना आणि यशवंतनगरचा सह्याद्रि कारखाना यांचीं धुराडीं पेटतात. आणि बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीचीं कुटुंबें येऊन शेतांच्या कडेस कोपी घालून राहतात. नाताळ नेमका या हंगामाच्या भरांत येतो. समजा, त्यांपैकीं एखादें कुटुंब ख्रिस्ती आहे. पहांटेपासून उसाच्या पाचटांत राबलेलीं तीं नवराबायको, लेंकराचा हात धरून, घंटा ऐकून मंदिराच्या दाराशीं येतात. आंत पाहतात तों रेशमी साड्या, नवे कोट, मुलींचे झालरीचे झगे आणि फोटो काढण्यासाठीं सरसावलेले मोबाईल. कोणी त्यांस हांकलीत नाहीं. कोणी वाईट शब्द बोलत नाहीं. तरी तीं दारांतूनच माघारीं फिरतील, असें आपणांस वाटत नाहीं काय? याकोबाच्या पत्रांतील लोकांनीं निदान गरीबास खालीं बसावयास सांगितलें. आपल्या कपड्यांनीं तर न बोलतां त्यास परत पाठविलें.

आणि ऊसतोडणीकरांपर्यंत जावयासही नको. आपल्याच आळींत असें घर असतें कीं, ज्यास नाताळाचे नवे कपडे म्हणजे उसनवारी वाटते. चार मुलांस नवे कपडे घेण्यासाठीं बचत गटांतून कर्ज उचलावें लागतें, आणि त्याचे हप्ते पुढें शाळेच्या फीच्या आड येतात. ज्यांस तेंही जमत नाहीं, ते “बरें वाटत नाहीं” असें सांगून त्या दिवशीं घरीं राहतात. गोठ्यांत जन्मलेल्या बाळाच्या वाढदिवशीं कपड्यांवांचून कोणी घरीं राहावें, याहून विसंगत गोष्ट ती कोणती?

यावर कोणी लग्नाच्या मेजवानीचा दाखला देतील. तेथें लग्नाचा पोशाख न करतां आलेल्या मनुष्यास बाहेर काढलें गेलें, असें ते म्हणतील. परंतु ती कथा पुन्हां एकदां शांतपणें वाचावी. त्या मेजवानीस आलेलीं माणसें वाटेवरून, दिसतील तशीं बोलावून आणलेलीं होतीं. त्यांच्या अंगावर उंची वस्त्रें कोठून असणार? तेव्हां तेथें प्रश्न किमतीचा नसून, यजमानाचा मान राखण्याची वृत्ति आहे कीं नाहीं याचा आहे. ती वृत्ति धुतलेल्या सुती सदऱ्यांतही दिसते, आणि कधीं कधीं रेशमांतही दिसत नाहीं.

शिवाय अमुक एकच वेश देवास प्रिय, असें म्हणण्यास इतिहास कोठेंच जागा ठेवीत नाहीं. गोव्यांत धर्मन्यायासनानें १७३६ सालीं हुकूम काढून ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या धोतरावर व चोळीवर बंदी घातली. जणूं धोतर नेसलेल्याची प्रार्थना वर पोंचणारच नव्हती! याच्या उलट, १६०६ सालीं मदुरेस आलेले रॉबर्ट डी नोबिली यांनीं युरोपी झगा टाकून संन्याशाचीं वस्त्रें धारण केलीं, आणि १६२३ सालीं रोमच्या धर्मगुरूंनीं त्यांच्या पद्धतीस मान्यता दिली. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) इंग्लंड व अमेरिका येथें राहिल्या, तेथील थोरांमोठ्यांत वावरल्या. परंतु त्यांनीं आपली साधी साडी सोडली नाहीं. कॅथलिक मंडळीच्या १९१७ च्या धर्मसंहितेंत स्त्रियांनीं उपासनेच्या वेळीं मस्तक झांकावें असा नियम होता; १९८३ च्या संहितेंत तो राहिला नाहीं. नियम आले व गेले, उपासना मात्र चालूच राहिली. यावरून हेंच दिसतें कीं, वेशाची तऱ्हा काळाप्रमाणें बदलते. आदर आणि प्रीति या दोन गोष्टी तेवढ्या बदलूं नयेत.

या दोहोंचा मेळ कसा घालावा? माझें मत असें आहे कीं, नीटनेटकेपण सर्वांकडून मागावें, आणि साधेपणा ज्यांच्याजवळ पुष्कळ आहे त्यांच्याकडून मागावा. गरीबास “साधा ये” असें सांगण्यांत कांहींच अर्थ नाहीं. तो येतोच तसा. ज्याच्या कपाटांत निवड करण्यास जागा आहे, त्यानेंच हात आंखडता घेतला पाहिजे. श्रीमंतानें एक पायरी खालीं उतरणें हें गरीबानें दहा पायऱ्या चढण्याहून पुष्कळ सोपें आहे. मक्केच्या यात्रेस जाणारे मुसलमान पुरुष न शिवलेलीं दोन पांढरीं वस्त्रें पांघरतात, तेथें धनिक कोण व मजूर कोण हें ओळखूं येत नाहीं. आपल्यालाही हें नवें नाहीं. शाळेचा गणवेश कशासाठीं असतो? बांकावर शेजारीं बसलेल्या दोन मुलांपैकीं कोणाचा बाप बागायतदार आहे आणि कोणाचा हमाल आहे, हें कपड्यांवरून कळूं नये म्हणूनच ना? सोमवार ते शनिवार जें शहाणपण आपण शाळेंत पाळतों, तें रविवारीं मंदिराच्या दाराबाहेर ठेवण्याचें कारण काय?

म्हणून पालकवर्गास एक नम्र सूचना करावीशी वाटते. नाताळाच्या सकाळच्या उपासनेस मुलांनीं आपल्या नेहमींच्या, स्वच्छ धुतलेल्या कपड्यांत यावें. गणवेश असेल तर गणवेशांत यावें. नवे कपडे घालण्याचा आनंद मुलांपासून हिरावून घ्यावा असें मुळींच नाहीं. तो सायंकाळीं, सगेसोयऱ्यांच्या भेटीगांठींच्या वेळीं, खुशाल घ्यावा. नव्या कपड्यांच्या खर्चांतून जें वांचेल, त्यांतून एक जोड आपल्या आळींतील एखाद्या मुलासाठीं घ्यावा, आणि तो सर्वांसमक्ष वाटूं नये, गुपचूप पोंचवावा. नाहींतर एक देखावा टाळून आपण दुसरा उभा करूं. दाराशीं स्वागतास उभे राहणाऱ्यांनीं कामाच्या कपड्यांत आलेल्या माणसास आधीं हात जोडावे व त्यास पुढच्या ओळींत नेऊन बसवावें.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस इतकेंच सांगणें आहे. आईनें शनिवारीं रात्रीं धुवून, इस्त्री करून ठेविलेला सदरा “देव कपडे पाहत नाहीं” म्हणून टाकून देऊं नका. त्या सदऱ्यांत तिचाही थोडा आदर व तिचीही थोडी प्रार्थना घडी घातलेली असते. पण तो अंगांत घातल्यावर आपण कसे दिसतों, हें आरशास विचारण्यापेक्षां बांकावर आपल्या शेजारीं येऊन बसणाऱ्यास विचारा. मळक्या कपड्यांतला माणूस निःसंकोचपणें तुमच्याजवळ सरकून बसला, तर तुमचा वेश योग्य आहे असें समजा; तो अंग चोरून दूर बसला, तर पुढच्या रविवारीं दुसरा सदरा निवडा.