सदाशिव पेठेतलं परदेशी खातं

रात्री साडेअकराला फोन वाजला. न्यू जर्सीहून! इतक्या उशिरा तिकडून फोन आला की आधी पोटात गोळाच येतो. पण पलीकडून प्रश्न आला, ‘‘खरं सांग, मी गुन्हेगार आहे का रे?’’

हा माझा कॉलेजचा दोस्त. एकदम सरळमार्गी प्राणी. पिवळ्या सिग्नललाच गाडी थांबवणारा आणि त्यासाठी मागच्यांच्या शिव्या खाणारा. २०१६ मध्ये एच-वन-बीवर गेला, तिथेच रमला. आता ग्रीन कार्डच्या रांगेत उभा आहे. आपण त्याला ‘जर्सीकर’ म्हणू.

झालं होतं असं, की लंचला एका कलीगने सहज विचारलं, ‘‘तुझं एफबार भरून झालं का?’’ जर्सीकरला आधी वाटलं, नवा पब उघडला असेल. मग त्याने नेटवर शोधलं, डबा तसाच ठेवला आणि पार्किंगमध्ये जाऊन मला फोन लावला.

तर मंडळी, एफबार म्हणजे परदेशी बँक खात्यांचा अहवाल. अमेरिकेच्या करकायद्यानुसार जो तिथला रहिवासी ठरतो, मग तो सिटिझन असो, ग्रीन कार्डवाला असो की वर्षभर तिथे राबणारा एच-वन-बीवाला, त्याच्या अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एका दिवसापुरती जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी त्याला हा अहवाल ऑनलाइन द्यावा लागतो. १०,००० डॉलर म्हणजे नऊ लाखांच्या आसपास. प्रत्येक खात्यात नाही हं, सगळ्यांत मिळून! मुदत १५ एप्रिल, ती चुकली तर आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत. यात टॅक्स भरायचा नसतो, फक्त माहिती द्यायची असते.

‘परदेशी खातं’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्विस बँक, काळा गॉगल आणि ब्रीफकेस येते. जर्सीकरचं परदेशी खातं सदाशिव पेठेत आहे! खरं तर तीन आहेत. पहिल्या नोकरीचं सॅलरी अकाउंट, जे परदेशी गेल्यावर एनआरओ करून घ्यायला हवं होतं आणि राहून गेलं. त्यात लाखभर. दुसरी एनआरई एफडी, २० लाखांची. आणि तिसरी आईची १४ लाखांची एफडी. बाबा गेल्यावर तिने त्याचं नाव जॉइंट म्हणून लावलं, ‘‘मला काही झालं तर तुझी धावाधाव नको.’’ पैसे आईचे, पण कागदावर नाव याचंही. म्हणजे एफबारमध्ये ती एफडीही आली, आणि ती सुद्धा पूर्ण रकमेची.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘माझ्या चौदा लाखांचं त्या अमेरिकेला काय पडलंय?’’ प्रश्न अगदी वाजवी आहे. पण कायदा आईला घाबरत नाही.

खरा लोच्या पुढेच आहे. एनआरई एफडीचं व्याज भारतात करमुक्त. त्यामुळे जर्सीकरने (आणि त्याच्यासारख्या असंख्य जणांनी) गृहीत धरलं, की ते सगळीकडेच करमुक्त. अमेरिकेत ते करपात्र आहे! शिवाय तिथल्या रिटर्नच्या ‘शेड्यूल बी’मध्ये एक साधासा प्रश्न असतो, परदेशात तुमचं खातं आहे का? जर्सीकर दरवर्षी सॉफ्टवेअरमध्ये पटापट ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत गेला आणि तिथे ‘नाही’ असं उत्तर गेलं. सलग काही वर्षं. त्याची झोप उडाली ती यामुळे.

‘‘पण त्यांना कळणार कसं?’’ मी विचारलं. विचारू नये ते विचारलं! बँकेत केवायसीला गेल्यावर ‘फॅटका’चा फॉर्म भरला आठवतोय? भारताव्यतिरिक्त आणखी कुठल्या देशाचे करदाते आहात का, असं विचारणारा? हा कायदा अमेरिकेने २०१० मध्ये केला आणि ९ जुलै २०१५ ला भारताने त्यासाठी करार केला. तेव्हापासून आपल्या बँका अशा खात्यांची माहिती आपल्या आयकर खात्याला देतात आणि तिथून ती अमेरिकेला जाते. सदाशिव पेठ ते वॉशिंग्टन, डायरेक्ट!

आता दंड. मुद्दाम लपवलं असेल तर कायद्यातला मूळ आकडा १ लाख डॉलर किंवा खात्यातली निम्मी रक्कम, यातलं जे जास्त असेल ते. नकळत राहिलं असेल तर १०,००० डॉलरपर्यंत. महागाईनुसार हे आकडे आता आणखी वाढलेत. पूर्वी तर नकळत चुकणाऱ्यालाही प्रत्येक खात्यामागे दंड लावायचा सरकारचा आग्रह होता. बिटनर नावाच्या एका व्यावसायिकाकडून २७२ नोंदींसाठी तब्बल २७ लाख २० हजार डॉलर मागितले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की नकळत चुकलेल्याला दंड खात्यागणिक नाही, अहवालागणिक. त्याचे पाच अहवाल राहिले होते, हिशेब आला ५० हजारांवर.

हे सगळं वाचून जर्सीकरने रात्रीत प्लॅन केला. एफडी मोडायची, खाती बंद करायची, पैसे आईच्या नावावर टाकायचे आणि चूप बसायचं. ‘‘पुढच्या वर्षीपासून नियमाने भरीन ना!’’

बॉस, नेमकं हेच करायचं नाही! आतापर्यंत तो विसरलेला माणूस होता. माहीत झाल्यावर खातं गायब केलं की तो लपवणारा माणूस होतो. त्याची सगळी केस या एका फरकावर उभी आहे.

सरळ रस्ता आहे, त्याला म्हणतात ‘स्ट्रीमलाइन्ड’ पद्धत. नकळत चुकलेल्यांसाठीच. गेल्या तीन वर्षांची रिटर्न्स दुरुस्त करायची, राहिलेला टॅक्स व्याजासकट भरायचा आणि सहा वर्षांचे एफबार द्यायचे. अमेरिकेत राहणाऱ्यांना वर ५ टक्के दंड, त्या काळातल्या सर्वाधिक वर्षअखेरच्या एकूण शिलकीवर. जर्सीकरची सगळी खाती धरली तरी साधारण ४०,००० डॉलर, म्हणजे दंड २,००० डॉलर. अमेरिकेबाहेर राहणाऱ्यांना, अटींत बसत असतील तर, तो ५ टक्केही नाही. मात्र अट एकच, तिकडून चौकशी सुरू होण्याआधी आपण जायचं.

त्यात एक फॉर्म आहे, ज्यात आपल्या शब्दांत लिहायचं असतं, की हे का राहिलं. सहीनिशी, शपथेवर. इथे कॉपी-पेस्ट चालत नाही. जर्सीकरने त्यात बाबांबद्दल लिहिलं, आईच्या एफडीबद्दल लिहिलं आणि ‘नेक्स्ट, नेक्स्ट’बद्दलही लिहिलं. सीपीए म्हणाला, हेच ठेवा.

बाकी काम हमालीचं. आपली बँक व्याजाचा दाखला एप्रिल ते मार्च देते, अमेरिकेला हवं जानेवारी ते डिसेंबर. मग सहा वर्षांची स्टेटमेंट्स काढून ओळ न् ओळ बेरीज! आई पासबुक घेऊन दोनदा बँकेत गेली. म्युच्युअल फंडाची एसआयपी चालू असेल तर तिचे नियम आणखी किचकट असतात, तिथे स्वतः डोकं लावू नका. आणि ‘नकळत’ म्हणताना स्वतःलाच जरा अडखळायला होत असेल, तर आधी वकील गाठा.

इकडे राहणाऱ्यांनी हसू नका! ऑनसाइट करून परतलात, तिकडचं खातं किंवा कंपनीचे शेअर्स तसेच आहेत? परतल्यावरची सवलतीची वर्षं संपून तुम्ही पूर्ण रहिवासी झालात की आपल्या रिटर्नमध्येही ‘शेड्यूल एफए’ भरावं लागतं. २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात हे न सांगण्याला १० लाखांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, घर-जमीन सोडून २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला त्यातून सूट मिळाली. पण सूट दंडाला आहे, सांगण्याला नाही.

मागच्या आठवड्यात जर्सीकरचा पुन्हा फोन आला. सगळे कागद गेले, पैसे भरले. यंदा ‘शेड्यूल बी’मधल्या प्रश्नाला त्याने ‘हो’ म्हटलं.

‘‘आईने काय केलं माहितीये?’’ तो म्हणाला. ‘‘बँकेतून नवं पासबुक आणलं आणि कव्हरवर पेनाने लिहिलंय, ‘अमेरिकेला कळवले आहे.’’’