समुद्री गोगलगायीचा धडा



ओहोटीच्या वेळी जुहूच्या किनाऱ्यावर खडक उघडे पडतात. तेथील डबक्यांत नीट पाहिले, तर कधी कधी समुद्री गोगलगाय दिसते. तिच्या पाठीवर शंख नसतो. अंग मऊ आणि चाल संथ असते. अशा जिवाकडून आपण काय शिकणार, असे तुम्हांला वाटेल. माझे मत मात्र असे आहे, की अभ्यास कसा करावा हे तिच्याकडून शिकावे.

अमेरिकेतील शास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी ‘अ‍ॅप्लिसिया’ नावाच्या मोठ्या समुद्री गोगलगायीचा अनेक वर्षे अभ्यास केला. माणसाच्या मेंदूत अब्जावधी चेतापेशी असतात. हिच्या शरीरात त्या सुमारे २०,००० असतात आणि काही तर नुसत्या डोळ्यांनी दिसतात. म्हणून कोणती पेशी काय करते, हे तपासता येते.

तिच्या अंगावरील नळीला हलका स्पर्श केला, की संवेदी चेतापेशी जाग्या होतात. त्या प्रेरक चेतापेशींना निरोप देतात. मग स्नायू आकुंचन पावतात आणि ती आपले नाजूक कल्ले चटकन आत ओढून घेते. पुन्हा पुन्हा तसाच स्पर्श केला, तर धोका नाही हे तिला कळते. निरोप क्षीण होतो आणि कल्ले कमी आखडतात. हेही एक प्रकारचे शिकणेच होय.

आता खरी गंमत पाहा. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही गोगलगायींना एकाच दिवशी ४० वेळा स्पर्श केला. इतरांना रोज १० वेळा, असा ४ दिवस केला. स्पर्श तेवढेच, पण रोज थोडे थोडे शिकलेल्यांच्या लक्षात ते अधिक काळ राहिले. स्मरणशक्तीवरील अशा संशोधनासाठी कँडेल यांना २००० साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

कोणी म्हणेल, “सर, आम्ही काय गोगलगायी आहोत?” मुळीच नाही! पण जर्मनीतील एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतः पाठांतर करून माणसाबाबतही हेच दाखवले होते. तुमच्यापैकी कोणी हिफ्ज करत असेल, तर त्याला हे नवे वाटणार नाही. तेथे रोज नवा सबक असतो आणि मागच्या पाऱ्यांची उजळणीही रोज होते. एका रात्रीत कोणी हाफिज होत नाही.

मग मराठीचा पेपर एका रात्रीत कसा तयार होईल? परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेली घोकंपट्टी उत्तरपत्रिकेबरोबरच संपते. मराठी तर तुम्हांला बाजारात, बसमध्ये, कचेरीत आयुष्यभर लागणार आहे. म्हणून रोज दहा शब्द शिका, कालचे दहा पुन्हा म्हणा आणि ते बोलण्यात वापरा.

आणि जुहूला ही गोगलगाय दिसली, तर तिला फक्त पाहा. गुरूला बोट लावून त्रास देऊ नये!