डाग उचलायचा असतो

गाडीच्या सीटवर काही सांडलं की शेजारीपाजारी, नातेवाईक सगळे एकच सांगतात: गरम पाणी घ्या, साबणाचा भरपूर फेस करा आणि ब्रशने जोर लावून घासा. हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत, असं माझं ठाम मत आहे. त्यापायी चांगल्या गाड्यांच्या सीटा कुजताना मी पाहिल्या आहेत.

आधी समोरच्याची बाजू मांडतो. चादर, सतरंजी, शर्टाची कॉलर आपण अशीच धुतो; मग सीटचं कापड वेगळं कशाला धरायचं? ऐकायला बिनतोड वाटतं. पण चादर बादलीत बुडते, तीन पाण्यांतून खळबळून निघते, पिळली जाते आणि दोरीवर वाळते. सीटच्या नशिबी यातलं काहीच नाही. कापडाखाली जाड फोम, कार्पेटखाली नमद्यासारखा थर, त्याखाली पत्रा. ओतलेलं पाणी डागाला घेऊनच खाली उतरतं. वरून हात फिरवला तर कोरडं लागतं, आत मात्र ओल तशीच असते. वाळताना ती ओल वर सरकते आणि विरघळलेला मळ पृष्ठभागावर आणून सोडते. धुतलेल्या सीटवर चार दिवसांनी तपकिरी कडा उमटते ती यामुळेच. आत राहिलेला साबण चिकट असतो, त्यावर धूळ बसते आणि नेमकी तीच जागा पुन्हा लवकर मळते. पावसाळ्यात तर बुरशीचा कुबट वास ठरलेलाच.

गरम पाण्याचा धडा मी माझ्याच गाडीत शिकलो. साताऱ्याहून येताना मागच्या सीटवर दुधाची बाटली लवंडली. घरी पोचताच मी कढत पाणी ओतलं. दुधातली काही प्रथिनं उष्णतेने घट्ट होतात, धाग्याला धरून बसतात. रक्त आणि अंडं तर त्याहून जास्त. दोन दिवसांत काचा वर करून बसवेना. मग गाडी एका वॉशिंग सेंटरला दिली, तिथे त्यांनी अख्खी सीट फेसाने भिजवून दिली. वास आणखी खोल गेला.

हळदीचा किस्सा वेगळा. भाचीच्या हळदीहून परतताना फिकट बदामी सीटवर कुणाचा तरी पिवळा पंजा उमटला. साबण लावला आणि पंजा लालभडक झाला! बायको घाबरली, मीही. पण हळदीतलं कुर्क्युमिन अल्कलीत लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. लिंबाचं पातळ पाणी टिपलं तसा डाग परत पिवळा झाला. मग दार उघडं ठेवून तीन दुपारी सीटला ऊन दिलं. कुर्क्युमिन उजेडात टिकत नाही. पंजा फिकट होत होत गेला, घासावं लागलंच नाही.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा उपायही असाच फसवा. फसफस होते म्हणून काम होतंय असं वाटतं. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, वायू उडून जातो आणि उरतं ते खारट पाणी. वेगवेगळे वापरले तर दोन्ही उपयोगाचे: वासासाठी कोरडा सोडा, चहाच्या डागाला पाणी घातलेलं व्हिनेगर.

मग करायचं काय? सांडलेलं आधी चमच्याने उचला. मग पांढऱ्या सुती पंच्याची घडी डागावर ठेवून तळव्याने दाबा, घडी बदला, पुन्हा दाबा. कापड पांढरंच हवं. किती डाग निघाला ते त्यावर दिसतं आणि त्याचा रंग सीटला लागत नाही. काम कडेकडून मध्याकडे, नाहीतर डाग पसरतो. पाणी गार आणि बेताचं, तेही सीटवर न ओतता फडक्यावर घ्या. वडापावचं तेल असेल तर आधी मक्याचं पीठ भुरभुरून अर्धा तास ठेवा, मग वाटीभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. बॉलपेनच्या शाईला फडक्यावर स्पिरिट. काहीही लावायचं तर आधी सीटखालच्या, न दिसणाऱ्या भागावर लावून बघा. बऱ्याच गाड्यांत सीटखाली एअरबॅगच्या वायरी असतात, पाणी न ओतायला तेही एक कारण.

जुना, मुरलेला डाग अशाने जात नाही, ही तक्रार मला मान्य आहे. तिथे व्यावसायिकाकडे जावं, पण गाडी सोडण्याआधी एवढं विचारावं: तुमचं मशीन सोडलेलं पाणी लगेच परत ओढून घेतं का? माझ्या दुधाच्या सीटचं पाणी शेवटी अशाच एका मशीनने ओढलं. त्याच्या पारदर्शक टाकीत जमलेलं पाणी दुधाळ होतं, सांडल्यानंतर तीन आठवड्यांनीसुद्धा.