थडग्याहून टिकाऊ काय?

प्राचीन इजिप्तचे नाव निघाले की डोळ्यांपुढे पिरॅमिड आणि ममी उभ्या राहतात आणि 'मृत्यूने झपाटलेली संस्कृती' असा शेरा मारून आपण मोकळे होतो. हा शेरा आम्हांस अन्यायाचा वाटतो. साहित्याच्या अभ्यासकांनी तरी तो निमूटपणे स्वीकारू नये. कारण त्याला छेद देणारा पुरावा दगडांपेक्षा अक्षरांत अधिक आहे.

कर्तृत्वाविषयी वाद नाही. इ. स. पू. २५६०च्या सुमारास उभा राहिलेला खुफूचा पिरॅमिड मुळात सुमारे १४६ मीटर उंच होता. २०१३ साली तांबड्या समुद्राकाठच्या वादी अल्-जर्फ येथे मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी सापडली. तुरा येथील चुनखडीचे दगड होड्यांतून गिझाला कसे नेले जात, याची नोंद तीत आहे. लेखन असलेल्या पपायरसांत याहून जुने आजवर मिळालेले नाहीत. एवढ्या प्रचंड बांधकामामागे नुसता चाबूक नव्हता. हिशेब, नोंदी आणि नियोजन होते, हे या रोजनिशीने दाखवून दिले.

दफनविधीकडेही याच दृष्टीने पाहावे. नेट्रॉन या क्षाराने देह सुकवीत. सारे सोपस्कार सत्तर दिवस चालत. यकृत, फुप्फुसे, जठर आणि आतडी काढून जपून ठेवीत, मेंदू काढून टाकीत. हृदय मात्र शक्यतो देहातच राहू देत. परलोकीच्या न्यायसभेत मातच्या, म्हणजे सत्य आणि न्याय यांच्या, पिसाशी त्याची तुलना व्हायची असे. बेचाळीस न्यायकर्त्यांपुढे मृताने आपण चोरी केली नाही, मापात लबाडी केली नाही, अशी ग्वाही द्यायची असे. मरणोत्तर कसोटी अशी जगतानाच्या आचरणाचीच होती. हे मंत्र ज्या संहितेत आहेत, तिला 'मृतांचे पुस्तक' हे रूढ नाव १८४२ साली लेप्सियस या जर्मन पंडिताने दिले. इजिप्शियनांच्या लेखी ते दिवसाउजेडी बाहेर पडण्याचे मंत्र होते. एका भाषांतरित शीर्षकाने संस्कृतीचे तोंडच कसे फिरवले जाते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

अर्थात याचे उदात्तीकरणही नको. नावापुरती जागा कोरी सोडलेल्या तयार गुंडाळ्या तेव्हा मिळत. पुण्याची ग्वाहीही अशी विकत घेता येई. पण या व्यवहाराकडे संशयाने पाहणारा आवाजही त्याच भूमीतून उठला. राजांची थडगी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारागिरांचे गाव म्हणजे देर अल्-मदिना. तेथील एका कुटुंबाच्या ग्रंथसंग्रहातले, आज 'चेस्टर बीटी चार' म्हणून ओळखले जाणारे पपायरस तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे. थडगी ढासळली, त्यांची व्यवस्था पाहणारे गेले, परंतु लेखकांची नावे त्यांच्या ग्रंथांमुळे उरली, असे त्याचा कर्ता निःसंकोचपणे सांगतो. ज्यांची उपजीविकाच थडग्यांवर होती, त्यांच्या घरात हा मजकूर जपला गेला, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही पिरॅमिडइतकी थोर वाटते.

मात्र हा दावाही तपासून घ्यावा लागतो. त्या पपायरसात गौरवलेल्या प्ताहेमजेहुती या लेखकाचे एकही अक्षर आज उपलब्ध नाही. इम्होतेपचा उपदेशग्रंथ हरवला आणि त्याचे थडगेही अद्याप सापडलेले नाही. सक्कारा येथील पायऱ्यांचा पिरॅमिड तेवढा त्याचे नाव सांगत उभा आहे. शिवाय चित्रलिपीतील शेवटचा ज्ञात लेख इ. स. ३९४चा, आणि शाम्पोलियाँने ती लिपी उलगडली १८२२ साली. मधली चौदाशे वर्षे सारी अक्षरे शाबूत असूनही मुकी होती. शिवाय हे ग्रंथ टिकले त्याचे श्रेय वाळवंटाच्या कोरड्या हवेला आणि कित्येकदा थडग्यांनाच द्यावे लागते.

तेव्हा दगड टिकतो की ग्रंथ, हा प्रश्नच अपुरा आहे. ग्रंथ टिकतो तो वाचणारा असेल तोवर. विश्वसाहित्याचा आरंभ ग्रीकांपासून धरण्याची आपल्या वर्गांतील सवय म्हणूनच आम्हांस खटकते. होमरच्या कितीतरी आधी लेखनाच्या अमरत्वावर कोणी विचार केला होता, हे विद्यार्थ्यास कळू नये, हे त्या लेखकांचे दुसरे दफन होय. आणि त्याला आपणच जबाबदार असू.