पक्षी बघायला जरूर जा, पण पाणी पिऊन

थंडी पडली की निवृत्त जोडप्यांचा एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, गाडीने मायणी, येरळवाडी करून पुढे सांगलीकडे सागरेश्वरला जाऊ का?" मुलांचं उत्तर तयार असतं: "या वयात कशाला?"

माझं उत्तर आहे, जरूर जा. बीपी-शुगर आटोक्यात असेल, तर पहाटे तलावाकाठी रोहित आणि चक्रवाक बघत चालण्यात तुमचं काहीच बिघडत नाही. त्रास होतो तो वाटेत. पुण्याहून साताऱ्याकडे येताना सुट्टीच्या दिवशी खंबाटकी घाटात गाड्यांची रांग लागते आणि दहाचा नाश्ता बारावर जातो. तुम्ही मात्र सकाळची गोळी किंवा इन्सुलिन वेळेवर घेतलेलं असतं!

त्याहून वाईट सवय म्हणजे मुद्दाम पाणी न पिणं, विशेषतः महिलांची. हा हट्ट आहे असं मला वाटत नाही. वाटेत स्वच्छ शौचालय मिळेल याची खात्री नसेल, तर दुसरं काय करणार? परदेशातली निवृत्त मंडळी पलंग, स्वयंपाकघर असलेली गाडी घेऊन महिनोन्महिने फिरतात. त्या गाडीतली मला सर्वात हेवा वाटणारी सोय म्हणजे शौचालय. आपल्याकडे ती नाही, म्हणून कुठे थांबायचं ते घरूनच ठरवा आणि पाणी पीत राहा. पाणी कमी पडलं की चक्कर येते, लघवीला जळजळ होते. बीपीसाठी लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल, तर ती मनाने बंद करू नका. प्रवासाच्या दिवशी वेळ बदलता येईल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर तेच प्रमाण पाळा.

चार तासांहून जास्त एका जागी बसल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याची शक्यता वाढते. दर दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चाला. कोंडीत अडकलात तर बसल्या बसल्या पावलं वर-खाली करा. प्रवासानंतर एकच पाय सुजला, दुखला तर त्याच दिवशी दाखवा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल गाठा.

औषधांची पिशवी डिकीत टाकू नका, ती हाताशी हवी. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका आणि बर्फालाही चिकटवू नका.

मधुमेह असणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. हातपाय थरथरले, घाम फुटला, बोलणं अडखळलं, तर गाडी बाजूला घेऊन तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्या. बिस्किटं नंतर. पंधरा मिनिटांनी शुगर तपासा, 70 च्या खाली असेल तर पुन्हा साखर. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन लावा. आणि बरं वाटलं म्हणून लगेच स्टेअरिंग हातात घेऊ नका. शुगर नॉर्मल झाल्यावर निदान पाऊण तास जाऊ द्या, तोवर जोडीदाराला चालवू द्या.